चौथं बटण

ओरिएताने दोरीपलीकडे हात घालून पुतळ्याची कॉलर सरळ केली. झालं ते एवढंच. आत दुमडलेलं टोक तिने बोटाने बाहेर काढलं, वरून तळव्याने दाबलं आणि खांद्यावरची धूळ झटकली. वस्तूंना हात लावू नये ही पाटी तिच्या कोपरापाशीच होती. नोल्बेर्तो मागे उभा राहून बघत होता. कॉलर अशी कुणाची सरळ करतात? आपल्या माणसाची. कामावर निघालेल्या नवऱ्याची, शाळेला निघालेल्या पोराची. आपली कॉलर हिने शेवटची कधी सरळ केली ते त्याने घाईघाईने आठवून पाहिलं. मार्सियालच्या लग्नात टाय आवळला होता, पण तो चिडून, 'मुलाच्या लग्नातही तुला धड उभं राहता येत नाही' असं म्हणत. आजचा हात तसा नव्हता. या हाताला कसली घाई नव्हती.

"ओळखलंस?" मागे न बघताच तिने विचारलं.

"त्यात काय ओळखायचं? अठराशे एकोणऐंशीच्या लढाईतला शिपाई. खाली लिहिलंय की."

तिने खालची पाटी वाचून पाहिली. मग म्हणाली, "हो. लिहिलंय खरं."

पोसो सेकोचं संग्रहालय म्हणजे रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यातल्या दोन खोल्या. डावीकडे सोऱ्याच्या खाणी: पहारी, घण, कार्बाइडचे दिवे, टाचेला लोखंड ठोकलेले बूट, आणि ज्यांत भरून हा खताचा आणि दारूगोळ्याचा सोरा बोटीवर चढायचा ती गोणपाटाची पोती. उजवीकडे लढाई, म्हणजे याच सोऱ्यापायी तीन देश या वाळवंटात एकमेकांच्या उरावर बसले होते ती. एक गंजकी संगीन, एक रिकीब, काचेखाली मूठभर गोळ्या, आणि कोपऱ्यात हा शिपाई. गडद निळा कोट, लाल किनार, पितळी बटणं. आत शिंप्याकडचं लाकडी धड, वर कापडाचं डोकं, आणि त्या डोक्याला कुणीतरी रंगाने काढलेल्या मिशा, एक वर गेलेली, दुसरी खाली उतरलेली. असल्या ध्यानाचा मत्सर वाटावा! त्याला खरं तर स्वतःचंच हसू यायला हवं होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, रेल्वेचा पेन्शनर, नातवंडांचा आजोबा, आणि जळतोय कुणावर, तर भुसा भरलेल्या टाळक्यावर. पण जळत होता खरा. हे सगळं त्याला कळत होतं आणि कळून काडीचा उपयोग होत नव्हता.

"ए सुकडे! हात नको लावूस त्याला, चावतो तो!"

दारात संग्रहालयाचा राखणदार उभा होता. फ्लोरिदोर. मघाशी आत शिरताना याच माणसाने ओरिएताला मिठी मारून चक्क जमिनीवरून उचललं होतं. दोघं एकाच वसाहतीत वाढलेली, आउरोरात; हा तिथल्या बँडात ट्रम्पेट वाजवायचा. सोऱ्याची खाण बंद पडली तशी आउरोराही बंद पडली, घरांची लाकडं आणि पत्रे विकले गेले, माणसं बंदराकडे पांगली. फ्लोरिदोर तेवढा इथे पोसो सेकोला राहिला. आणि तो हिला सुकडी म्हणत होता. लग्नाआधी ओरिएता बारीक होती हे नोल्बेर्तोला ठाऊक होतं, घरात फोटो होता. पण तिला या नावाने हाक मारत हे इतक्या वर्षांत त्याच्या कानावर आलं नव्हतं. आणि ती वळली कशी! घरात तिला दोनदा हाक मारावी लागते, तेव्हा कुठे स्वयंपाकघरातून 'काय कटकट आहे' असं उत्तर येतं. इथे ती पोरीसारखी गर्रकन वळली.

"शिपाई म्हणे!" ती म्हणाली. "लाज नाही वाटत रे फ्लोरिदोर? आपल्या बँडचा कोट आहे हा."

"हळू बोल ना बाई. बढती मिळालीय बिचाऱ्याला."

"कुणी दिली? तू?"

"मी कशाला? इथल्या शाळेच्या मास्तरणींनी. हे संग्रहालय मांडलं तेव्हा त्या पडक्या आउरोरात हिंडल्या. नाचघराच्या कपाटात हा सापडला. एकवीस मेच्या, त्या लढाईच्या दिवसाच्या, मिरवणुकीसाठी आपल्या शिंप्याने लढाईतल्या चित्रांवरून कोट शिवले होते, हे त्यांना कोण सांगणार? त्यांना वाटलं, खराच. मी नोकरीला लागलो तोवर साहेब इथे उभे होते. गेल्या साली एक कर्नल आले होते, रिटायर झालेले. टोपी काढून उभे राहिले याच्यासमोर, डोळ्यांत पाणी. आता मी काय सांगू त्यांना, साहेब, हा बँडवाला आहे म्हणून?"

ओरिएता हसली, तोंडावर हात धरून, खांदे हलवत. मग तिने पुन्हा दोरीपलीकडे हात घातला. कोटाची बटणं पितळी होती, फक्त वरून चौथं काळं होतं, मोठं, बायकांच्या ओव्हरकोटाला असतं तसं. त्यावर तिने अंगठा ठेवला.

"अजून आहे?" फ्लोरिदोरने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"आहे की."

नोल्बेर्तोने घसा खाकरला. इंजिनाच्या धुराने धरलेला जुना खोकला होता तो, मदतीला हमखास धावून यायचा, पण आज कुणी वळून पाहिलं नाही. अजून आहे? आहे की. काय आहे अजून? एवढ्याशा चार शब्दांत त्या दोघांचं सगळं बोलून झालं होतं, आणि तो तिकीट काढून आलेल्या परक्या माणसासारखा दोरीच्या अलीकडे उभा होता.

सकाळी दफनभूमीतही असंच झालं होतं. दरवर्षी एक नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, होतं. अंतोफगास्ता बंदरातून पहाटेची बस, मांडीवर कागदी फुलांचा खोका, आणि मग त्या रेताड चढावर आउरोराची दफनभूमी, लाकडी कठडे आणि लोखंडी क्रूस. इथे खरं फूल उगवत नाही, म्हणून बायका आधी महिनाभर घरोघरी रंगीत कागद कापत बसतात, पाकळी कात्रीच्या पात्यावर ओढून वळवतात, देठाला तार गुंडाळतात. ओरिएताच्या हाताला तेवढे दिवस खळीचा वास येतो. वर पोचल्यावर सगळ्या जणी एकमेकींच्या गळ्यात पडतात, आणि तो खोका धरून उभा राहतो. हा ओरिएताचा नवरा, बंदरावरचा. इतकी वर्षं झाली, तरी त्याची ओळख एवढ्यावरच संपते. बंदरावरचा. तिथे प्रत्येकाला ठाऊक असतं की बेकरी कुठे होती, कुणाच्या घराची भिंत कुठून सुरू व्हायची. रिकाम्या वाळूकडे बोट दाखवून त्या बोलतात, आणि समोर काहीच नसताना सगळ्यांना दिसतं, त्याला दिसत नाही. आधी त्याला वाटायचं, चार वर्षांत ही हे विसरेल. ती विसरली नाही. उलट वसाहत जितकी पडत गेली तितकी ती हिच्या बोलण्यात उभी राहत गेली. उभ्या गावाशी माणूस भांडू शकतो, त्याला नावं ठेवू शकतो, तिथली गटारं दाखवू शकतो. नसलेल्या गावाचं काय करणार?

पण आजवर तो मत्सर सगळ्या गावाचा होता, आणि गावाचा मत्सर माणसाला झोप लागू देतो. आज मत्सराला कॉलर होती आणि बटणं होती.

फ्लोरिदोरने मागच्या खोलीत चहा मांडला. पाव, बकरीचं चीज, वाटीभर ऑलिव्ह. अंतोफगास्ताची बस संध्याकाळी होती, आणि बाहेर वारा सुटून वाळू पत्र्यावर घासत होती, तेव्हा उठून जायला निमित्तही नव्हतं.

"घ्या की पाहुणे," फ्लोरिदोर म्हणाला. "आमच्याकडे लाजायची पद्धत नाही."

पाहुणे! नोल्बेर्तोने पाव मोडला. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे त्याची नजर पुन्हा पुन्हा जात होती. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे ओठ म्हातारपणीही तसेच राहतात की काय कोण जाणे. मधोमध जरा जाड, घट्ट, जणू आत्ता कशाला तरी लावून काढलेले. बायको वारलेली, हे त्याने आल्या आल्या सांगून टाकलं होतं. कशाला सांगावं? कुणी विचारलं होतं?

"चौकातल्या फेऱ्या आठवतात का गं तुला?" फ्लोरिदोर ओरिएताला विचारत होता. "रविवारी? पोरं या बाजूने, पोरी त्या बाजूने, आणि मधे आम्ही वाजवत बसलेले."

"तू कसला बसतोस! ट्रम्पेट दुसऱ्याच्या हातात देऊन तूच फेऱ्या मारायचास."

"तुझ्यापायी मारायचो. बूट झिजले माझे. आईने विचारलं, कारट्या, चालतोस की टाचा घासतोस?"

"माझ्यापायी काय, माझ्या बहिणीपायी म्हण."

"बहीण नाही म्हणाली म्हणून तुझ्यापायी. तूही बघितलं नाहीस. तुझं लक्ष कुठे होतं ते सगळ्यांना माहीत होतं."

ओरिएताने त्याच्या हातावर चापट मारली. "गप बैस." आणि तिने नोल्बेर्तोकडे पाहिलं. एक क्षण, पटकन. वाट बघितल्यासारखं. त्याने ती नजर घेतली आणि मनात नीट घडी घालून ठेवली: ही मी पकडतोय का ते बघतेय. लक्ष कुठे होतं? सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना, म्हणजे त्या दफनभूमीतल्या बायकांनाही, ज्या दरवर्षी त्याच्या हातातला खोका घेऊन 'कसे आहात' विचारतात आणि लगेच पलीकडे वळतात. म्हणजे त्या हसत असणार.

त्याची बोटं टेबलावर वाजायला लागली. जुनी खोड होती ती. कुठे बसला की बोटं चालू, एकच ठेका, जड, जड, हलका, जड. मार्सियाल लहानपणी वैतागायचा. ओरिएता कधी वैतागली नव्हती. ती नुसती बोटांकडे बघायची, कधी हातातलं काम थांबवून. आत्ताही ती बघत होती. त्याने हात मांडीखाली घेतला.

फलाटाची गोष्ट त्याला आठवली, आणि बरं वाटलं. ती त्याची होती. प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक नाताळला, दोन पेले झाले की नातवंडं म्हणायची, आजोबा, फलाट! आणि तो सांगायचा. बाकेदानोच्या फलाटावर तो हातपाय धुवत होता, इंजिनातून उतरून, आणि समोर बाकावर एक मुलगी बसली होती, उन्हात, मावशीला बघायला आलेली. तिच्या पिशवीचा बंद तुटला आणि संत्री फलाटभर गडगडली. त्याने ती गोळा केली, शेवटचं रुळावरून उचललं, आणि म्हणाला, हे मी ठेवून घेतो. इथे सगळे हसायचे. 'आणि मी तुमच्या आजीला पहिल्यांदा पाहिलं ते तिथे. मावशी आजारी पडली नसती तर तुम्ही कुणी जन्मालाच आला नसता!' ओरिएता हसायची आणि कुणाच्या तरी ताटात वाढायला उठायची. इतकी वर्षं त्याला वाटत आलं की ते हसू म्हणजे होकार. आता चहाचा कप हातात धरून त्याला पहिल्यांदाच शंका आली. ती प्रत्येक वेळी उठायची कशाला? गोष्टीच्या नेमक्या त्याच जागी? ज्या बाईच्या डोक्यात दुसरीच पहिली भेट आहे, दुसऱ्याच कुणाची, ती अशीच उठेल.

त्या काळात तो पाण्याच्या गाडीवर फायरमन होता. टाक्यांचे डबे घेऊन या सगळ्या वसाहतींना फिरला होता, आउरोरालाही गेला असणारच. कोण लक्षात ठेवतो? सगळीकडे तोच पत्रा, तीच धूळ, तोच चौक, सणाच्या दिवशी तोच भेसूर बँड आणि तीच बियर. कुठे तरी नाचला होता, कुठे तरी मार खाल्ला होता, कुठे तरी कुणाचं वाद्य ओढून घेऊन वाजवलंही होतं. एकविशीत माणूस जगतो, टिपून ठेवत बसत नाही. हीच तेवढी टिपून ठेवत बसली होती. आणि जिच्याकडे इतकं आहे तिने कधी त्यातलं त्याला काही दिलं नव्हतं.

"मी जरा पाय मोकळे करून येतो," तो म्हणाला.

"वारा आहे बाहेर."

"आतच फिरतो."

लढाईच्या खोलीत उजेड उतरला होता. नोल्बेर्तो दोरीखालून वाकून पलीकडे गेला आणि पुतळ्याच्या अगदी समोर उभा राहिला. उंची साधारण त्याच्याएवढीच. कोटाला नॅफ्थलीनचा आणि जुन्या घामाचा वास होता. कुणाचा घाम? त्याने काळं बटण दोन बोटांत धरून वळवलं आणि मागे पाहिलं. दोरा बटणाच्या देठाभोवती गच्च गुंडाळलेला, पुन्हा पुन्हा, आणि शेवटी एकावर एक गाठ. संशयाला जागा नव्हती. त्याच्या प्रत्येक सदऱ्याचं प्रत्येक बटण असंच होतं. रेल्वेतले लोक चेष्टा करायचे, सदरा फाटेल पण बटण तुटणार नाही, बायकोने काय बांधून ठेवलंय की काय तुला. आणि तो मिरवायचा! त्याला वाटायचं, हे गुंडाळणं आपल्यासाठी आहे. इथे त्याच्या आधी कुणासाठी तरी तेच, तेवढंच, गच्च. सदरे धुऊन विरले, पायपुसणी झाली. हे मात्र दोरीपलीकडे उभं होतं आणि कर्नल लोक त्याच्यासमोर टोप्या काढत होते.

ट्रम्पेटवाल्याचं. दुसऱ्या कुणाचं असणार? अजून आहे? आहे की. नोल्बेर्तोने बटण मुठीत धरलं आणि ओढलं. पुतळा पुढे झुकला, मिशांसकट त्याच्या अंगावर आला. त्याने दुसऱ्या हाताने त्याची छाती मागे रेटली आणि पुन्हा ओढलं. दोरा हलला नाही. तिसऱ्यांदा त्याने पिळा दिला, दात आवळून, आणि आपल्या तोंडून शिवी निघालेली त्याला ऐकू आली.

"तोडू नकोस."

ओरिएता दारात होती. तिच्या मागे फ्लोरिदोर, हातात किटली. नोल्बेर्तोने बटण सोडलं नाही.

"कुणाचं आहे?"

"नोल्बेर्तो, सोड ते."

"कुणाचं आहे ते सांग. याचं? याच्या छातीवर शिवलंस? लोक मला पाहुणा म्हणतात, तुझ्या डोळ्यांदेखत, आणि तू हसतेस. मी खोके वाहतो तुझे दरवर्षी. माझ्या एका तरी कॉलरला कधी..."

फ्लोरिदोरला आधी काही कळलं नाही. मग त्याने किटली खाली ठेवली आणि आपल्या आखूड हातांकडे पाहिलं. "माझं? अहो, हा कोट मला घोट्यापर्यंत येईल. मी ट्रम्पेट. हा ढोलवाल्याचा आहे. तो खांदा बघा ना, पट्ट्याने कसा घासलाय."

"मग ढोलवाला कोण?"

फ्लोरिदोरने ओरिएताकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू निघून गेलं. "सुकडे," तो हळूच म्हणाला, "यांना माहीत नाही?"

"तू नको बोलूस," ओरिएता म्हणाली. "मी सांगते." पण सांगताना ती नवऱ्याकडे बघत नव्हती. ती कोटाकडे बघत होती. "एकवीस मे होता. ढोल गाल्व्हारीनो वाजवायचा, आणि तो सकाळपासूनच पिऊन आडवा. बँड उभा, मॅनेजर उभा, सगळं गाव उभं, आणि ढोलाला माणूस नाही. तेवढ्यात पाण्याची गाडी आली. इंजिनावरून एक पोरगा उतरला, तोंडभर काजळी, डोळे तेवढे पांढरे. म्हणाला, द्या इकडे, मला येतं."

"येतं कसलं!" फ्लोरिदोर म्हणाला. "आम्ही एकीकडे आणि ढोल एकीकडे. जड, जड, हलका, जड. सबंध मिरवणूक लंगडत चालली."

"कोट चढवताना चौथं बटण तुटलं. मी आईच्या कोटाचं तोडून घेतलं आणि त्याच्या अंगावरच शिवलं. म्हटलं, श्वास घेऊ नकोस, सुई लागेल. तर नाही घेतला. लाल झाला, मग जांभळा झाला, पण मी गाठ मारून 'घे आता' म्हणेपर्यंत नाही घेतला. इतकं कुणी माझं ऐकलं नव्हतं कधी. घरी जाऊन कोटापायी आईचा मार खाल्ला. आणि माझं ठरलं."

वाळू पत्र्यावर घासत होती. नोल्बेर्तोची मूठ आपोआप सुटली होती.

"बाकेदानोला," तो म्हणाला. "मावशी..."

"मावशी ठणठणीत होती."

"कुठली गाडी कुठल्या दिवशी कुठे थांबते, ते हिने स्टेशनमास्तरच्या बायकोकडून काढलं होतं," फ्लोरिदोर म्हणाला. "अख्ख्या आउरोराला माहीत होतं. आम्हाला वाटलं, तुम्हालाही."

"पिशवीचा बंद मीच तोडला," ओरिएता म्हणाली. मग पहिल्यांदा तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "मला वाटायचं, ते आपल्या दोघांतलं आहे म्हणून तू चारचौघांत काढत नाहीस. फलाटापासून सुरू करतोस. मला बरं वाटायचं. म्हणायचे, चला, एवढं तरी याने आपल्यापाशी ठेवलंय."

"आठवतंय मला," तो म्हणाला. "ढोल आठवतो. म्हणजे, तो पट्टा, आणि..."

"नको, नोल्बेर्तो."

ढोल खरंच आठवत होता. आता त्याला सगळं दिसत होतं, खांद्यात रुतणारा पट्टा, ऊन, गुडघ्यावर आपटणारं ते जड पिंप, आणि नंतर कुणीतरी हातात दिलेली बियर, गार. त्याने परत मागे जाऊन पाहिलं, मिरवणुकीच्या आधी, कोट चढवण्याच्या आधी. कुणीतरी कोट धरला होता. माणसं होती. मुलगी मात्र कुठेच नव्हती. त्याने तिला तिथे आणून उभं करायचा प्रयत्न केला, घरातल्या फोटोतली, बारीक, हातात सुई. ती उभी राहीना. फोटोतली मुलगी फोटोसारखीच समोर बघत होती, त्याच्या छातीकडे बघत नव्हती. आणि मग ज्याच्यावर तो दिवसभर जळत होता तो त्याला नीट दिसला. काजळीचं तोंड, रिकामटेकडं, बेफिकीर. त्याला काही करावं लागलं नव्हतं. ना रात्रपाळ्या, ना घराचे हप्ते, ना मार्सियालच्या तापात उशाशी जागणं, ना दरवर्षी तो खोका घेऊन चढ चढणं. एक श्वास रोखला आणि सगळं घेऊन गेला. विसरूनही गेला, हरामखोर. बाकीचं सगळं आयुष्य नोल्बेर्तोने त्याच्या जागेवर काम केलं होतं. फ्लोरिदोर असता तर त्याला दोन ठोसे देता आले असते, किंवा बसमध्ये तोंड फिरवून बसता आलं असतं. याला कुठे गाठणार?

"घाला की एकदा," फ्लोरिदोर म्हणाला. "आता कोण येतंय? शिपाईसाहेबांना जरा सुट्टी."

फ्लोरिदोरने पुतळ्याचा कोट उतरवला आणि नोल्बेर्तोच्या मागे धरला, आणि नोल्बेर्तोने हात घातले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. लाकडी धड उघडं पडलं. कोट पाठीत घट्ट झाला, बाह्या आखूड. खांदे मात्र बसले. घासलेली जागा जिथे असायची तिथेच आली.

ओरिएता पुढे झाली. कॉलरकडे तिने पाहिलं नाही. तिने वरचं बटण लावलं, मग दुसरं, मग तिसरं. चौथं काजापर्यंत पोचेना. तिने दोन्ही हातांनी कापड धरून ओढलं, डोकं खाली घालून, आणि तिच्या केसांना खळीचा आणि रंगीत कागदाचा वास येत होता.

"पोट आत घे," ती म्हणाली.

त्याने श्वास रोखला. बटण काजात गेलं, पण तिचे हात निघाले नाहीत. अंगठा बटणावर तसाच राहिला, मघाचसारखा. तिची मान खाली होती. वर पाहिलं असतं तर तिला हा दिसला असता, पांढऱ्या भुवया, दाढीचे खुंट, आणि सगळं तिथेच संपलं असतं. ती वर बघत नव्हती. त्याला कळलं की आत्ता तिच्या बोटांखाली तो पोरगा उभा आहे, आणि त्याला तिथे उभं ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे. तो त्याचा इतका हेवा करत होता की डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले. त्याने श्वास घेतला नाही. कानांत जड, जड, हलका, जड असं वाजायला लागलं. तोंड तापलं, लाल झालं असणार, जांभळं झालं असणार. तिने 'घे आता' म्हणावं म्हणून तो थांबला होता, आणि तिने ते म्हणू नये म्हणूनही. आणखी थोडं. आणखी थोडं त्याला धरून ठेवता आलं असतं.

मग खोकला आला.

तिने हात काढून घेतले आणि वर पाहिलं.

"झालं," ती म्हणाली. "काढ आता. उसवेल."